आवाज शून्यावर

वामन गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिवंडीजवळ टेमघरच्या माझ्या सीडीच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला सिनेमाची गोष्ट सांगत होतो. सिनेमा मी पाहिलेला नव्हता. यात नवीन काही नाही, कव्हरवरचं चित्र बघून तीन तासांची गोष्ट रंगवायची हाच माझा धंदा. पलीकडून बायको म्हणाली, "वामन गेला हो... सुमन चहा पाजायला गेली, तर..." मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला उरलेली गोष्ट सांगितली. नायिकेला पुरातून वर काढलं, खलनायकाला विहिरीत पाडलं, लग्न लावून दिलं. माणूस खूश होऊन सीडी घेऊन गेला. मग मी शटर ओढलं. त्याला आता सव्वा महिना झाला. स्मशानात रडलो नाही, दहाव्याला रडलो नाही. दाढ काढताना सुई टोचतात आणि मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालंय. चावलं तरी कळत नाही.

वामन माझा साडू. माझ्या धाकट्या मेहुणीचा, सुमनचा नवरा. राहायला जवळच्या शेलारला, कामाला जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. शंभर माग एका छपराखाली धडधडत असले तरी त्यातला कुठला खोकतोय हे तो दारातून सांगायचा. मी लोकांना सांगताना 'पार लांबच्या कल्याण नाक्यावरून सांगायचा' असं म्हणायचो. त्याच्याकडे लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक मागाच्या लोखंडाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून वाकून उभं राहायचं, डॉक्टर छाती तपासतो तसं. मी एकदा विचारलं, "काय ऐकतोस रे एवढं? मागाची सासू चुगल्या सांगते काय?"

"गप ना साडू," तो म्हणाला. "जो बोलत न्हाय त्याचा ऐकायला वाकावा लागतं."

शुक्रवारी भिवंडीतले माग बंद. त्या दिवशी दुपारी जेवून मी शेलारला जायचो, दुकानातल्या दोनचार सीड्या पिशवीत टाकून. अशाच एका शुक्रवारी कार्टूनची एक सीडी नेली. ओसाड बंदरावर एकटाच उभा असलेला एक रोबोट, रंग उडालेला, पोटात पिवळा दिवा. जहाजं कधीच यायची बंद झालीत, पण याला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून हा रोज झेंडा हलवतोय. सीडी निघाली अस्सल इंग्रजी. सुमन म्हणाली, "भावजी, हे काय आणलंत? एक अक्षर कळत नाय." दुकानाची इज्जत गेली असती. मी रिमोट घेतला, आवाज शून्यावर आणला आणि म्हणालो, "मी सांगतो ना!"

आणि सुरू झालो. तो झेंडा हलवला की मी ओरडायचो, "ए खारबावचे होडीवाले, हिकडं या! तिकडं चिखल हाय, बुडाल!" त्याचा हात निखळला की, "अगं आई गं, कालच तर ग्रीस लावला होता!" त्याला मी सुरमईचं वेड लावलं, खाडीपलीकडल्या विजेच्या खांबाशी त्याचं लग्न ठरवलं, हुंड्यावरून ते मोडलं. खरी गोष्ट काय होती ते त्या रोबोटलाच ठाऊक. सुमन हसून हसून आडवी झाली. शेवटाकडे त्याच्या पोटातला दिवा मंद व्हायला लागला, तेव्हा मात्र मला काही सुचेना. वळून बघतो तर वामन, एवढा दांडगा गडी, बनियनने डोळे पुसतोय.

"साडू, याला बोलायला लाव आता काहीतरी," तो म्हणाला. मी घाईघाईने रोबोटच्या तोंडून म्हणालो, "जात नाय रे, जरा पडतो." वामनने मान डोलावली, जणू रोबोटने त्यालाच सांगितलं.

त्यानंतर जवळजवळ दर शुक्रवारी तीच सीडी. ती त्या घरी ठेवूनच दिली. दुकानासाठी दुसरी प्रत आणली आणि मग माझ्या लक्षात एक गंमत आली. पोरं ती सीडी अर्ध्यात सोडायची, न्यायचे मोठे. प्रत्येकजण काउंटरवर आवर्जून सांगायचा, "पोरांसाठी हाय हां." एक टेम्पोवाला तीनदा घेऊन गेला. परत देताना म्हणाला, "पोरं लय रडली हो शेवटी." त्याचं लग्नच झालेलं नव्हतं.

मी वामनला माझं शास्त्र सांगितलं. म्हटलं, रोबोटला तोंड नसतं, दोन दिवे आणि एक झाकण. त्याच्या तोंडी काहीही घाला, शोभतं. म्हणून मोठ्या माणसांना तो आवडतो. वामन बराच वेळ स्क्रू ड्रायव्हर पुसत बसला. मग म्हणाला, "तसा न्हाय. पोरांना वाटतं तो खेळणा हाय. आपल्याला ठाऊक हाय ना, मशीन थकला की त्याचा काय करतात."

त्या वर्षांत जुने माग भंगारात जायला लागले होते. वीस वर्षं ज्याचं खोकणं ऐकलं तोच माग वामनला स्वतःच्या हाताने खोलावा लागायचा. खोलायच्या आधी तो त्याला तेल द्यायचा, सगळ्या भोकांत, रोजच्यासारखं. एकदा मी तिथे हजर होतो. शेठ वैतागला, "अरे उस्ताद, कबाड में जा रहा है, तेल काहे को पिला रहे हो?" वामन मान वर न करता म्हणाला, "प्यासा नहीं भेजूँगा, सेठ." ही एक गोष्ट मी कधी वाढवून सांगितली नाही. वाढवायला जागाच नव्हती.

पुढे तोच सिनेमा हिंदीत आला. वामनने बाजारातून सीडी आणली आणि एकटा बसून पाहिली. पुढच्या शुक्रवारी मी घाबरतच गेलो, कारण आता माझ्या सगळ्या थापा उघड्या पडणार. वामन गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "हिंदीवाल्यांनी वाट लावली रे. सुरमईचा नावच न्हाय घेतला! आपला रोबोट असा बोलत न्हाय." आणि सुमनला म्हणाला, "ती जुनी लाव." तो माझी चेष्टा करत होता की खरंच बोलत होता... मला आजवर कळलेलं नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरी आणलं, समोरच्या खोलीत लोखंडी कॉटवर ठेवलं. लोक भेटायला यायचे आणि कॉटशी उभे राहून काय बोलावं ते न कळून पंख्याकडे बघायचे. मला ते बघवेना. मग मी माझं जुनं काम काढलं. वामनने भुवई हलवली की मी म्हणायचो, "वामन म्हणतोय, चहा न घेता गेलात तर पाय मोडीन." लोक हसायचे. वामनचा अर्धा चेहरा हसायचा. सुमन कौतुकाने म्हणायची, "भावजींना बरोबर कळतं यांचं." दोन महिने मी त्या माणसाच्या तोंडी शब्द घातले. मला वाटत होतं, मी त्याला जगवतोय.

शेवटच्या शुक्रवारी खोलीत पाहुणे भरले होते. वामन डाव्या हाताच्या बोटाने कॉटच्या लोखंडावर ठोकायला लागला. टक्... टक्टक्. टक्... टक्टक्. माझ्याकडे बघत होता. एरवी हसायचा तो अर्धा चेहरा हसत नव्हता. मी म्हणालो, "वामन म्हणतोय, साडू आलाय, भजी टाका!" खोली हसली. त्याने पुन्हा ठोकलं. मी म्हणालो, "कांद्याची!" पुन्हा सगळे हसले. मग त्याचं बोट थांबलं. सुमनने खरंच भजी केली, मी ती खाल्ली आणि घरी आलो. शनिवारी सकाळी तो फोन.

परवा शेलारला गेलो. सुमनने पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, "भावजी, त्या दिवशी ते काहीतरी ठोकून सांगत होते. भजीचं नव्हतं ते, मला समजलं होतं. पण तुम्हाला तर सगळं कळायचं त्यांचं. काय म्हणत होते?"

वाचकहो, मला एका दमात दहा उत्तरं सुचली. 'सुमनला सांभाळ.' 'मी सुखी आहे.' 'जात नाय रे, जरा पडतो.' एकेक असं की ऐकून ती आयुष्यभर निवांत झोपली असती. ज्याने न पाहिलेल्या सिनेमांवर संसार केला, त्याला एक वाक्य जड नव्हतं. तोंड उघडलं, पण नेहमीची ती सुरसुरी आलीच नाही.

"मला कळलं नव्हतं, सुमन," मी म्हणालो. "तेव्हाही नाय, आधीही नाय. मी आपला बोलत होतो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. उठली, तीच जुनी सीडी लावली आणि पुन्हा बसली. टीव्हीचा आवाज शून्यावरच होता, ही सीडी लावताना तो शून्यावर आणायची या घराची सवयच होती. रोबोट बंदरावर आला, झेंडा हलवायला लागला. सुमन माझ्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती. "राहू दे," ती म्हणाली, "आज नका बोलू."

टीव्हीमागच्या खिळ्याला तो स्क्रू ड्रायव्हर टांगलेला होता. लाकडी मूठ कानाच्या बाजूने गुळगुळीत झालेली. मी तो काढला. कॉट अजून तिथेच आहे, गादी तेवढी उचललीय. जिथे त्याचं बोट ठोकत होतं, त्या पट्टीवर मी टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि वाकलो. शुक्रवार होता, आजूबाजूचे माग बंद होते. लोखंड गार होतं. काही ऐकू आलं नाही...

पडद्यावर तो झेंडा हलवत राहिला. मी तसाच वाकून उभा राहिलो.