व्हेरी सीरियस

कोरेगाव स्टेशनात मिरजेची पॅसेंजर लागली तेव्हा आप्पांनी माझी पत्र्याची ट्रंक आत सरकवली आणि खिडकीपाशी येऊन उभे राहिले. आई पदर तोंडाला लावून रडत होती. थोरला दादा उगाच इंजिनाकडे बघत होता. आप्पा फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेले, त्यामुळे निरोपसुद्धा हुकमासारखा. "दोन गोष्टी ध्यानात ठीव. उपाशी ऱ्हायचं न्हाई. आन शिरेसची खोटी तार मागवून रजा काढायची न्हाई. हितनं बी कोण धाडणार न्हाई. येईल तवा खरीच येईल."

एकाहत्तर साल होतं. मी एस.एस.सी. पास होऊन मिरजेला नर्सिंग शिकायला निघाले होते, आणि आमच्या गावातून त्या कामाला गेलेली मी पहिलीच मुलगी. हे लिहितेय इंग्लंडातल्या लीड्समधून. मागे राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांसाठीही.

आप्पांचा तो हुकूम परक्याला चमत्कारिक वाटेल. आमच्याकडे घरटी एक माणूस पलटणीत, आणि अख्ख्या गावाला ठाऊक असलेला इंग्रजी शब्द एकच, सीरियस. गावच्या तोंडी शिरेस. ऊस तुटायला आला, लग्न ठरलं, बांधावरून भांडण झालं की कुणीतरी पोस्टात जाऊन तार ठोकायचं, 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.' जवानाला रजा मिळायची. माझी आजी अशी तीनदा सीरियस झाली आणि तिन्ही वेळा अंगणात शेंगा फोडत बसली होती. "आत्याबाई, तुमी शिरेस हायसा, जरा आत तरी बसा," असं आई म्हणायची आणि दोघी हसून हसून बेजार व्हायच्या.

चौथ्या वेळी आजी खरंच सीरियस झाली. तार गेली. आप्पांच्या पलटणीतल्या साहेबानं जुने कागद काढले आणि म्हणाला, तुझी आई दरवर्षी उसाच्या टायमालाच कशी आजारी पडते रे? रजा मिळून आप्पा घरी पोचले तेव्हा आजीचं दहावं होऊन गेलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द खोट्यासाठी वापरायचा बंद झाला तो झालाच.

मी निघाले ते भावकीच्या नाकावर टिच्चून. आमचे चुलते नाना, गावची पिठाची गिरणी त्यांची, त्यांनी चावडीपुढं आप्पांना अडवलं होतं. "पोरीच्या जातीनं परक्या माणसाचं हागणंमुतणं काढायचं? आवं, तोंड दावायला जागा ऱ्हाईल का आपल्याला?" आप्पा म्हणाले, "मला गोळी लागली तवा माजं कुणी काढलं? तू आलतास?" नाना तरी जाता जाता म्हणालेच, "सा म्हयन्यात रडत माघारी येतीय का न्हाई बघ." म्हणजे माझी ट्रंक एकट्या माझी नव्हती. तीत आप्पांची पतही भरलेली होती.

आणि मिरजेत मी खरंच रडत होते. लेक्चर इंग्रजीत, माझी शाळा मराठी. बरोबरच्या मुली फाडफाड बोलायच्या आणि मी वहीत 'टेंपरेचर' देवनागरीत लिहून घ्यायचे. स्टार्च केलेला गणवेश मानेला कापायचा. पहिल्या महिन्यात माझ्या हातात हात ठेवून एक बाई गेली, आणि तासाभरात त्याच खाटेवर नवी चादर घालायची पाळीही माझीच आली. हॉस्टेलातून जंक्शनच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. कोरेगावकडे जाणारी गाडी कुठली हे मला आवाजावरून कळायला लागलं होतं, इतकं माझं लक्ष अभ्यासात होतं!

त्या शब्दानं तिथंही पिच्छा सोडला नव्हता. फळ्यावर खाटेच्या नंबरापुढे 'सीरियस' लिहिलं की त्या पेशंटपाशी धावत जायचं. आमच्या खोलीतली केरळची मुलगी एकदा लाजत म्हणाली, तो लॅबमधला माझ्याबद्दल सीरियस आहे. मी घाबरून विचारलं, कुठल्या वॉर्डात? खोली आठवडाभर हसत होती. मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत आलं तेव्हा मी दादाला एक कार्ड लिहिलं. 'आप्पांना कळू न देता तार कर. आई सीरियस म्हणून. मी आले की परत जाणार नाही.' पत्ता घातला आणि कार्ड ॲप्रनच्या खिशात ठेवलं. टपालपेटी वॉर्डापासून वीस पावलांवर होती. तीन दिवस झाले तरी ती वीस पावलं चालायला मला काही फुरसत मिळाली नाही. फुरसत नव्हती की धीर नव्हता, हे मला आजही सांगता येत नाही.

तिकडे त्याच आठवड्यात घरी मिरजेच्या इस्पितळातून टाइप केलेलं इंग्रजी पत्र पोचलं. शाळेला सुट्टी, मास्तर गावाला गेलेले. गिरणीच्या इंजिनावरच्या पाट्या वाचून वाचून इंग्रजी अक्षरं लावणारे म्हणून नानांना बोलावलं. नानांनी चष्मा पुसला, बोट फिरवत फिरवत एका शब्दापाशी थांबले आणि त्यांचं तोंड उतरलं. 'युवर डॉटर इज व्हेरी सीरियस.' आप्पांनी कागद हिसकावून घेतला. तो शब्द त्यांना लांबून ओळखू यायचा. "आन व्हेरी म्हंजी?" आईनं विचारलं. नाना हळूच म्हणाले, "लयच."

आईनं हंबरडा फोडला. आप्पा रात्रीच स्टेशनावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेडपॅन घेऊन बायकांच्या वॉर्डातून येत होते. दारात कुणीतरी फेटेवाला उभा. घोगऱ्या आवाजात त्यानं विचारलं, "कोण शिरेस हाय हितं?"

"दोन नंबरची म्हातारी," मी सवयीनं म्हणाले, आणि मग वर बघितलं.

"आन तू?" आप्पा म्हणाले.

"मला काय धाड भरलीय?"

आप्पा तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. पिशवीत भाकरी होती आणि आईनं दिलेला देवाचा अंगारा होता. त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. "वाटभर काय कळंना बग. मरायला टेकलीस म्हणून रडावं, का पळून यायला नाटक करतीयास म्हणून चिडावं." मी वाचलं. पुढं लिहिलं होतं 'अबाउट हर वर्क'. पास झाले होते. पंधरा दिवसांनी नर्सची कॅप मिळणार होती आणि आईवडलांना समारंभाचं आमंत्रण होतं.

तेवढ्यात आमच्या सिस्टर ट्यूटर आल्या. परदेशी बाई, मराठी पुस्तकातून शिकलेल्या. त्यांनी आप्पांना हात जोडले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आपली कन्या अत्यंत गंभीर आहे!" आप्पा पुन्हा ताडकन उभे. मी मान हलवतेय, बाई गोंधळलेल्या. शेवटी त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "मन लावून! ही मन लावून काम करते!"

दुपारी त्यांना सोडायला मी स्टेशनावर गेले. बाकावर बसून आम्ही भाकरी खाल्ली. आप्पा बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होते. जंतुनाशकानं बोटांची सालं निघाली होती. मग दुसरीकडेच बघत म्हणाले, "शाले, रजा पायजे का तुला? पायजे आसली तर सांग. मी गावात गेल्या गेल्या तार करतो, आई शिरेस म्हणून."

आजीच्या दहाव्यालाही न पोचलेला माणूस हे बोलत होता. कार्ड माझ्या खिशातच होतं. हो म्हटलं असतं तर त्यांनी नानांचं, भावकीचं, सगळ्यांचं ऐकून घेतलं असतं आणि मला एका शब्दानं बोलले नसते. मला त्यांची फार, फार माया आली. आणि त्या मायेच्याही वर दुसरंच काहीतरी आलं.

"नको आप्पा," मी म्हणाले. "आता लेखी आलंय. माघारी कसं यायचं?"

आप्पा हसले. ते कार्ड मी टाकलं नाही आणि फाडलंही नाही. अजून माझ्यापाशी आहे.

त्यानंतर गावात त्या शब्दानं कूसच बदलली. आप्पा ते पत्र घडी करून बंडीच्या खिशात बाळगायचे. कोरेगावच्या बाजारात कुणी विचारलं की, "आमची शालन लय शिरेस हाय!" ऐकणारा चुकचुकायचा, "आरारा! कुटल्या वार्डात?" "वार्डात न्हाई रं गड्या, वार्ड तिच्या हातात हाय!" पुढं पुढं नीट ओढणारा बैल सीरियस, वेळेवर येणारी एस.टी. सीरियस. कॅपच्या समारंभाला ते आईला घेऊन आले, आणि बरोबर नानाही होते. नाना सगळ्यांना सांगत होते, पत्र मीच वाचलं.

शहात्तर साली मी इकडे आले. इथं तो शब्द दिवसातून वीसदा कानावर पडतो. पहिल्याच आठवड्यात मी सांगितलं की मिरजेत चाळीस खाटा आम्ही दोघी सांभाळायचो, तर चार्ज सिस्टर म्हणाली, "आर यू सीरियस?" मी म्हटलं, "येस सिस्टर, व्हेरी. इट इज इन रायटिंग." तिला काही कळलं नाही. मला मात्र शिफ्टभर बरं वाटत राहिलं. घरून निळी एरोग्राम पत्रं यायची, मास्तरांच्या अक्षरात पण शब्द आप्पांचे. 'इकडे घरची सर्व मंडळी सीरियस आहेत. तूही सीरियस राहावे. काळजी नसावी.'

एकोणऐंशीच्या थंडीत दादाची तार आली. 'फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.' मी दारात उभ्या उभ्या वाचली आणि, खरं सांगते, हसले. म्हटलं, यात नवीन काय? आप्पा तर कायमचेच सीरियस. मग अर्थ कळला. वॉर्डात जाऊन रजा मागितली. मेट्रननं तार बघितली आणि एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या नावावर एकही खोटी तार नव्हती ना.

चौथ्या दिवशी मिरजेत पोचले. त्याच इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात. खाटेशी एक नवी प्रोबेशनर मुलगी त्यांची चादर ओढून सारखी करत होती. कोपरे नीट घातले होते तिनं. आप्पांनी डोळे उघडले.

"रजा गावली?"

"गावली."

"ह्या खेपंला तार खरी हाय, बाय."

"ठाऊक आहे आप्पा."

मग त्यांनी त्या मुलीकडे मान वळवली. "ही माझी लेक. व्हेरी शिरेस." पोर बिचारी घाबरून माझी नाडी बघायला पुढं आली, आणि आप्पा हसले. पाच दिवस होते त्यानंतर. त्यांची चादर मीच बदलली, बाकी सगळंही मीच केलं. नाना दारात उभे राहून बघत होते. एकदा आत आले आणि माझ्या हातातलं भांडं त्यांनी स्वतः उचलून नेलं.

आता मला इथं लोक विचारतात, तुझं घर कुठलं? सीरियसचे अर्थ गोळा करण्यात माझा जन्म गेला. मरणाचा, रजेचा, प्रेमाचा, कौतुकाचा, थट्टेचा. पण त्या तारेत पुढं अजून दोन शब्द असायचे, 'स्टार्ट इमिजिएटली'. त्यांचा अर्थ कोरेगावात, मिरजेत आणि लीड्समध्ये एकच. जिथून ते दोन शब्द आले की आपण काही न विचारता ट्रंक काढतो, ते माझं घर. तारा आता बंद झाल्या. तरी माझी ट्रंक अजून पलंगाखालीच आहे.