गफूर मास्तरांची सही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार गफूर मास्तरांचे. त्यांची सही मी लहान्या कातकऱ्याच्या पंचनाम्याच्या तळाशी पाहिली, आणि तो पंचनामा खोटा आहे हे मला तिथंच कळलं.

तेव्हा मी कर्जतच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होतो. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. गावोगावचे पोलीसपाटील जे कागद पाठवत ते आधी माझ्या टेबलावर येत. ते वाचायचे, खाली शेरा लिहायचा आणि साहेबांपुढे सहीला ठेवायचे, हे माझं काम. त्यात आकस्मिक मृत्यूची प्रकरणं असत. कुणाला साप चावला, कुणी विहिरीत पडला. अशा वेळी पाटील दोन प्रतिष्ठित माणसांना घेऊन जागेवर जातो, काय दिसलं ते लिहितो आणि खाली त्यांच्या सह्या घेतो. तो पंचनामा, आणि सह्या करणारे ते पंच. पंच भरवशाचे असले की प्रकरण बहुधा तिथंच मिटतं.

पळसदरीच्या वरच्या रानात कोळशाच्या भट्ट्या होत्या. पेट्रोल मिळत नव्हतं, लॉऱ्या कोळशाच्या गॅसवर चालत, त्यामुळे भट्ट्यांना बरकत होती. लाकडं रचायची, वर पाला आणि माती लिंपायची आणि आतल्या आत आठवडाभर धुमसू द्यायची. मातीला भेग पडली तर कातकरी वर चढून ती बुजवतो. कधीकधी कवच खचतं आणि माणूस आत जातो. लहान्या असाच जळत्या भट्टीत पडून मेला, असं पंचनाम्यात होतं. त्याला त्याच दिवशी रानात पुरलं होतं. अशी मरणं होत असत. वाचून संशय यावा असं एकही वाक्य त्यात नव्हतं.

फक्त वेळ लिहिली होती. बुधवार, सकाळी अकरा.

बुधवारी सकाळी अकरा वाजता गफूर मास्तर पळसदरीच्या रानात असणं शक्य नव्हतं. ते शाळेचे हेडमास्तर, अकराच्या ठोक्याला हजेरी घेत. स्वतःच्या मुलीच्या निकाहच्या दिवशीसुद्धा हजेरी घेऊन मग ते मांडवात गेले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मास्तर माझे कोण, ते सांगायला हवं. मी पळसदरीच्या शेतकऱ्याचा मुलगा. चौथी झाल्यावर बाबांनी मला शाळेतून काढायचं ठरवलं, कारण झोडणीला माणूस कमी पडत होतं. मास्तर रविवारी चालत आमच्या खळ्यावर आले, टोपी काढून ठेवली आणि म्हणाले, नथूच्या जागी आज मी. दिवसभर त्यांनी भाताचे भारे झोडले. संध्याकाळी बाबा त्यांना म्हणाले, "मास्तर, तुमी असं झोडलं तर सगळं दानं पेंढ्यातच ऱ्हातील. न्या तुमचा नथू, पन परत खळ्यावर येऊ नका." पुढे स्कॉलरशिपचा फॉर्म त्यांनी भरला, पुण्याच्या बोर्डिंगला चिठ्ठी त्यांनी दिली. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. ते नसते तर मी आज त्याच खळ्यावर असतो.

तो कागद मी दोन दिवस दाबून ठेवला. तिसऱ्या दिवशी लहान्याची बायको सोमी कचेरीच्या ओट्यावर येऊन बसली. शिपायाने तिला दोनदा उठवलं, ती दोनदा परत बसली. शेवटी मी बाहेर गेलो.

"साहेब, भट्टी इझली होती," ती म्हणाली. "आयतवारीच इझली. कोळसा बी गेला. इझलेल्या भट्टीत मानूस जळतो का?"

मी विचारलं, मग तो मेला कसा? तिने सांगितलं ते असं. लहान्याला खालापूरकडे दुसऱ्या भट्टीवर जायचं होतं, तिचा भाऊ तिकडे होता. सामान बांधलेलं बघून भट्टीवाल्या रावसाहेबांच्या पुतण्याने त्याला लाकडाच्या ओंडक्याने मारलं. ती हे सांगताना रडली नाही. फक्त ओंडका केवढा ते दोन हातांनी दाखवलं आणि हात तसेच धरून बसली.

कोळसा रानाबाहेर न्यायला जंगल खात्याचा पास लागतो. मी रेंज ऑफिसात जाऊन पासबुक पाहिलं. त्या भट्टीचा शेवटचा कोळसा सोमवारी लॉरीने स्टेशनात गेला होता. म्हणजे बुधवारी तिथं राखेखेरीज काही नव्हतं.

मी साहेबांना सांगितलं. आमचे मामलेदार स्वभावाने सज्जन, पण रिटायरमेंटला टेकलेले.

"पंच कोण आहेत?" त्यांनी विचारलं.

"एक पाटलांचा चुलता. दुसरे गफूर मास्तर."

"मास्तरांनी सही केली आहे ना? मग तुम्ही कशाला जीव जाळता? करा फाईल."

दुसऱ्याच दिवशी रावसाहेब कचेरीत आले. रावसाहेब ही सरकारने दिलेली पदवी होती. कलेक्टर तालुक्यात आले की चहा त्यांच्या बंगल्यावर घेत. साहेबांच्या खोलीत न जाता ते थेट माझ्या टेबलासमोर बसले. माझ्या बाबांची विचारपूस केली. मामलेदारीच्या यादीसाठी माझं नाव प्रांतसाहेबांकडे गेल्याचं आपल्या कानावर आलं, असंही म्हणाले. मग हळूच विषयावर आले.

"रेंज ऑफिसात गेल्तास म्हनं."

मी समोरची फाईल मिटली.

"अरं, बी.ए. झालास, एवढं तुला कळाया पायजे. सही कुनाची घ्यायची ते आमी बघूनच घेतो. त्यो कागद खोटा पडला तर आदी कोन खोटा पडंल? तुजा मास्तर. कर हिंमत."

एवढं बोलून ते उठले आणि जाताना शिपायालाही राम राम करून गेले.

त्यांनी सगळा हिशेब बरोबर केला होता. टेबलावर कोण बसतो, तो कुणाचा विद्यार्थी, कुणाच्या सहीपुढे त्याची लेखणी अडेल, हे सगळं आधी ठरवून मग ती सही घेतली होती. आणि लेखणी अडलीच होती. खोट्या पंचनाम्यावर सही करणं हा गुन्हा. मास्तरांवर खटला होऊ शकत होता. निदान नोकरी तरी जाईल, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी मी मास्तरांच्या घरी गेलो. मास्तरांच्या बायकोने, चाचींनी, तांदळाची भाकरी आणि चहा पुढे ठेवला. मी बराच वेळ पावसापाण्याचं बोललो. मास्तर म्हणाले, "नथू, गणित चुकलं की तू पहिलीपासून असाच इकडचं तिकडचं बोलतोस. काय झालं?"

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग आठवून म्हणाले, "पाटलाचा माणूस मधल्या सुट्टीत तीन-चार कागद घेऊन आला होता. नेहमी येतो तसाच. मी सह्या केल्या."

आमच्या तालुक्यात ही रीतच होती. वारसाचा दाखला असो, जन्माची नोंद असो, वा पंचनामा, खाली गफूर मास्तरांची सही असली की कुठलाही साहेब पुढे विचारत नसे. त्यामुळे लोक जागेवर न नेताच शाळेत कागद घेऊन येत. मास्तरही, आपली माणसं आहेत, आपल्याकडे शिकलेली आहेत, म्हणून सही करत. लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता आणि त्यांचा लोकांवर. मधे कागद वाचायचा कुणी, हा प्रश्न वीस वर्षांत कुणाला पडला नव्हता.

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"त्याचं नाव काय म्हणालास?"

"लहान्या."

"मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे. चार वर्षांची."

चाची दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आता या वयात कोर्टकचेरी?" मास्तर म्हणाले, "त्याची बायको बसलीच आहे ना कचेरीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या नऊला येतो. अकराच्या आत मोकळं कर म्हणजे झालं."

सोमवारी बरोबर नऊला ते आले. साहेबांपुढे त्यांचा जबाब झाला, लिहून घेत होतो मी. मास्तर सरळ बोलले. "मी जागेवर गेलो नाही, प्रेत पाहिलं नाही, भट्टी पाहिली नाही, कागद न वाचता शाळेत सही केली." साहेब मधेच उठून पलीकडच्या खोलीत पाणी प्यायला गेले. मी आणि मास्तर दोघंच उरलो.

आता मी जे केलं ते सांगतो. 'कागद न वाचता सही केली' असं लिहायच्या जागी मी लिहिलं, 'त्या वेळी जवळ चष्मा नसल्याने कागद वाचता आला नाही, पाटलांच्या माणसाने जे तोंडी सांगितले त्यावर विसंबून सही केली.' एवढ्या एका वाक्याने मास्तर सुटत होते. म्हाताऱ्या माणसाला फसवलं, असं झालं असतं. खटला नाही, चौकशी नाही. लहान्याचं सत्यही कुठं झाकलं जात नव्हतं. मला ते वाक्य फार चांगलं वाटलं.

जबाब मी सहीला पुढे केला. मास्तरांनी तो उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. त्या वाक्यावर थांबले.

"हे कुणी सांगितलं?"

"मास्तर, असू द्या."

"चष्मा माझ्या नाकावर होता, नथू."

"कुणाचं नुकसान नाही त्यात."

ते माझ्याकडे बघत राहिले. वर्गात कधी रागावले तरी असे बघत नसत.

"लहान्याचा खोटा कागद त्यांनी केला. आता माझा तू करतोस?"

मी ते वाक्य खोडलं. वर खरं वाक्य लिहिलं. खोडलेल्या जागी त्यांनी छोटी सही केली, खाली मोठी केली, आणि घड्याळ बघून शाळेकडे निघाले.

मी शेरा लिहून फाईल ठेवली. साहेबांनी ती दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवली. मग एकदा मला बोलावून म्हणाले, "माझे सात महिने राहिलेत, माझं कोण काय करणार? तुमचं मात्र कठीण आहे." आणि सही करून त्यांनी ती वर पाठवली. प्रेत उकरलं गेलं. डोक्याचं हाड मागून फुटलेलं होतं आणि भाजल्याची खूण कुठेही नव्हती, असा डॉक्टरांचा रिपोर्ट आला.

पुतण्याला शिक्षा झाली. खुनाची नाही, मारहाणीत मृत्यू झाल्याची. पाटलाची पाटीलकी गेली. रावसाहेबांना काही झालं नाही. पुढच्या वर्षी ते रावबहादूर झाले. मास्तरांवर खटला झाला नाही, पण शाळाखात्याने जाब विचारला आणि त्यांचं हेडमास्तरपद काढून घेतलं. शेवटची वर्षं त्यांनी पहिलीच्या वर्गाला बाराखडी शिकवली. सहीसाठी लोक येईनासे झाले. एकाने मला बाजारात सांगितलं, "मास्तर आता वाचून सही करतात, लई येळ लागतो." यादीतलं माझं नाव गळालं आणि माझी महाडला ट्रान्सफर झाली.

या नोकरीत मी पुढे पुष्कळ वर्षं काढली. शिकलो ते एवढंच की खोटा कागद करणारे सगळेच दुष्ट नसतात. काहीजण माझ्यासारखे, कुणाचं तरी भलं व्हावं म्हणून लिहितात, आणि त्यांचा हात जास्त सफाईने चालतो.

महाडला पोचल्यावर पहिल्याच महिन्यात मी मास्तरांना पत्र पाठवलं. त्याचा कच्चा खर्डा माझ्याजवळ राहिला आहे, तो देतो.

'तीर्थरूप मास्तरांस नथूचा नमस्कार. चाचींस सलाम.

मी खुशाल आहे. खोली मिळाली आहे. खानावळीत भाकरी चाचींच्यासारखी मऊ नसते, पण पोट भरते.

निघताना आपणांस भेटलो तेव्हा पुष्कळ बोलायचे होते. आपण मुलांच्या पाट्या तपासत होतात, म्हणून पाया पडून निघालो. खरे म्हणजे पाट्या हे निमित्त. मला लाज वाटत होती. आपली जागा माझ्या लिहिण्यामुळे गेली म्हणून नव्हे, त्याबद्दल आपण मला बोलूच दिले नाहीत. लाज त्या चष्म्याच्या वाक्याची. ते लिहिताना मी काही वाईट करतो आहे असे मला क्षणभरही वाटले नाही. त्याचीच आता भीती वाटते.

सोमी भावाकडे खालापूरच्या वाडीवर गेली. निघण्याआधी कचेरीत येऊन विचारत होती की निकाल कोणत्या कागदावर आहे. मी दाखवला. तिला वाचता येत नाही, तरी तिने बराच वेळ हातात धरला.

येथे काल पहिला पंचनामा पुढे आला. विहिरीत पडलेल्या बाईचा. कागद उत्तम होता. तरी दोन्ही पंचांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवला. निम्म्यावर आल्यावर त्यांतला एक म्हणाला, साहेब, हे असे नव्हते. येथले साहेब माझ्यावर चिडले आहेत. पंचनामा आज नव्याने लिहायला घेतला आहे, पंच बाहेर बसले आहेत, म्हणून पत्र आटोपते घेतो.

आपला विद्यार्थी,
नथू'