खांब पूर्ण दिसावा म्हणून

नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला गावात काही काम नसते, आणि हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत असते. जवाहरनगरच्या फॅक्टरीत माझी हयात फायलींवर नंबर टाकण्यात गेली. क्वार्टर सोडून आम्ही नवरा-बायको साकोली तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो, तेव्हा गाव माझ्या अनुभवाची वाट पाहत असेल अशी माझी समजूत होती. मी सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरायला जाई, भेटेल त्याला शिस्तीवर दोन शब्द सुनावी आणि घरी येऊन गावाच्या मागासलेपणाबद्दल बायकोजवळ बोले. ती म्हणे, "चहा थंड होऊन राहिला."

त्या उन्हाळ्यात तलाव फार उतरला. आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला, त्यात उन्हाळी धानाला पाणी सुटत होते. एका सकाळी तलावाच्या ऐन मध्यात मला दगडाचा खांब दिसला. त्याचे टोक एरवीही उन्हाळ्यात दिसायचे, पण ते आम्ही बुडालेल्या झाडाचा खुंट समजत असू. आता कमरेइतका काळा, चौकोनी दगड वर आला होता. अंगावर एकाखाली एक आडव्या खाचा, आणि डोक्यावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा.

मी फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, "प्राचीन शिलालेख?" प्रश्नचिन्ह घातले होते, हे मी आजही शपथेवर सांगतो. दुपारपर्यंत तो फोटो चार गावे फिरून माझ्याच फोनवर परत आला, तेव्हा प्रश्नचिन्ह गळालेले होते आणि खांबाचे वय दोन हजार वर्षे झाले होते.

पहिला धावत आला तो माझा शेजारी. धानाची शेती करणारा माणूस, माझा लहानपणापासूनचा मित्र.

"महादेवाच्या मंदिराचा खांब आहे तो," तो म्हणाला. "खाली पुरं मंदिर आहे. माह्या आज्यानं सांगितलं होतं."

"तुझ्या आज्यानं तुले पोहणं तरी शिकवलं का?" मी म्हणालो. "तो धम्मस्तंभ आहे. खाचा मोज. पाच आहेत. पंचशील."

"पाच म्हणजे पंचमुखी महादेव."

माझ्या आजोबांनी आमच्या अख्ख्या मोहल्ल्याबरोबर छप्पन साली दीक्षा घेतलेली. तेव्हा तलावातला दगड आपला असावा, असे मला मनापासून वाटत होते. त्यालाही तेवढेच मनापासून वाटत होते. आम्ही एकाच पाळीवर बसून, एकाच पुडीतली सुपारी खात दोन दिवस भांडलो. तिसऱ्या दिवशी पाणी आणखी उतरले आणि सहावी खाच वर आली. दोघांचीही पंचाईत झाली. मी रात्रभराचा वेळ मागून पुस्तकातून षडायतन, म्हणजे बुद्धाने सांगितलेली सहा इंद्रिये, शोधून काढले. तो सकाळी येऊन म्हणाला, "षडानन." अभ्यासात तो कधीच माझ्या मागे नव्हता.

याच दिवसांत एक बाई आमच्या घरी आली. ती ढीवरांची. चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो, पुढे मी शिकलो आणि तिने जाळे हातात घेतले. तिचा नवरा दम्याने घरी बसलेला, त्यामुळे तलावात उतरायची ती एकटीच. ती ओट्यावर बसली, बायकोने तिला चहा दिला.

"भाऊ, तुडूम लावायले सांगा ना जी," ती म्हणाली.

तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातले, पाणी सोडायचे दगडी बांधकाम. त्याला एकाखाली एक छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रात लाकडाचा डाट. जसे पाणी उतरेल तसा खालचा डाट काढायचा. तुडूम लावायचा म्हणजे डाट बसवून पाणी बंद करायचे.

"काहून?" मी विचारले.

"तो दगड खुणेचा आहे. वरची खाच उघडी पडली का तुडूम लावायचा, मंग कोनी कितीबी बोंबलो. तुडूम माह्या बाबाच्या हाती होता तवा तो तसंच करे. म्हणून तर तो दगड तुमाले कधी पुरा दिसला नाही."

"आणि खालच्या खाचा कशाच्या?"

"ते मले नाही माहीत. त्या पाहायची पाळीच नाही आली."

खरे सांगायचे तर तिथेच सगळा उलगडा झालेला होता. पण इतका साधा अर्थ ऐकायला मी निवृत्त झालो नव्हतो. मी तिला समजावले की लोकपरंपरेत अशा गोष्टी असतात, पण शास्त्र वेगळे असते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "डोहात अंड्यावरची मासोळी आहे. पाऊस पडला का ती सुटते अन् तलाव भरते. तीच गेली तर येत्या साली आमी काय धरू, बेंडकं?"

आमच्या तलावाचा सर्वात खोल भाग म्हणजे तो डोह. उन्हाळ्यात सगळी मासोळी तिथे गोळा होते, हे मलाही लहानपणापासून ठाऊक होते. ढीवरांची चार घरे त्यावर जगतात, हेही ठाऊक होते. मी म्हणालो, "पाहतो." नोकरीत हा शब्द मी इतक्यांदा वापरला होता की तो तोंडातून आपोआप निघतो.

पाहिले ते असे. गावात प्राचीन वारसा समिती स्थापन झाली. मला अध्यक्ष केले, कारण अर्ज लिहायला येतो. शेजाऱ्याला उपाध्यक्ष केले, कारण नसता केला तर त्याने दुसरी समिती काढली असती. भंडाऱ्याहून इतिहासाचे एक प्राध्यापक आले. भला माणूस. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते चिखलात थोडे पुढे गेले, चपला तिथेच गमावून परत आले आणि पाळीवरूनच फोनमध्ये खांब मोठा करून पाहिला. सगळे गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पाया पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही," ते म्हणाले.

त्यांचा अर्थ इतकाच असावा की मला आता काही माहीत नाही, जेवायला घाला. आम्ही तो आदेश मानला. त्याच संध्याकाळी ठराव झाला. तुडुमाचे तळाचे छिद्र फक्त दुरुस्तीच्या वेळी उघडतात. ते उघडायचे ठरले. ठराव मीच लिहिला: "सदर प्राचीन स्तंभाचा तळभाग दृष्टिपथात येणेकामी तलावातील उर्वरित जलसाठा टप्प्याटप्प्याने कमी करण्यात यावा." वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. तसा मजकूर गावात दुसऱ्या कुणाला जमला नसता.

बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. या वेळी बसली नाही.

"चारच दिवस," मी तिला म्हणालो. "पाया दिसला की लगेच बंद करू."

"अन् चार दिवस मासे कुठं राहतील?" हे माझी बायको आतून म्हणाली. मी तिला सांगितले की तुला यातले कळत नाही.

तलावातले पाणी पाटाने जाऊ लागले. खाली धान होता तेवढा भिजला, मग उरलेले पाणी ओसाड बांध्यांत, रिकाम्या धानखाचरांत, पसरले. तिथे म्हशी लोळल्या, बगळ्यांची चंगळ झाली. आम्ही पाळीवरून खुशीत पाहत होतो. रोज हातभर खांब वर येई आणि रोज आमची संस्कृती हातभर जुनी होई. लांबलांबून माणसे येऊ लागली. दिघोरीकडून एक टेम्पो भरून आला. पाळीवर भज्यांची गाडी लागली, पानठेला लागला. कुणीतरी चिखलावर फळ्या टाकून खांबापर्यंत वाट केली. शेजाऱ्याच्या माणसांनी पूर्वेच्या बाजूला शेंदूर फासून नारळ फोडले. आमच्या पोरींनी पश्चिमेच्या बाजूला मेणबत्त्या लावून वंदना घेतली. भांडण एकदाच झाले, ते सेल्फीला कोणती बाजू चांगली यावरून. मी स्वतः खांबाला टेकून फोटो काढून घेतला आणि जवाहरनगरच्या जुन्या मित्रांना पाठवला. पाहा, आमच्या गावात काय निघाले.

डोह रोज आखडत होता. बाई सकाळ-संध्याकाळ त्याच्या काठाशी उकिडवी बसलेली दिसे. ती पाया पाहायला आली आहे, असे एका व्हिडिओवाल्याने कॅमेऱ्यात सांगितले. मी तिच्याकडे पाहायचे टाळत असे. एकदा समोरासमोर आलोच, तेव्हा ती भांडली नाही, फक्त म्हणाली, "मरळ चिखलात तग धरते भाऊ, बाकीचं नाही धरत." मी म्हणालो, "उद्या." खांबाचा पाया अजून वीतभर पाण्यात होता आणि उद्याच प्राध्यापक यायचे होते. वीतभरासाठी थांबवले तर अध्यक्षाची शोभा काय राहिली?

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक आले, या वेळी गमबूट घालून. फळ्यांवरून ते थेट खांबापर्यंत गेले. मागे मी, माझ्या मागे उपाध्यक्ष, त्याच्या मागे गाव. पाया उघडा पडला होता. खाली मंदिर नव्हते, स्तूप नव्हता. एक खड्डा होता, त्यात खांब रोवलेला, आणि तो हलू नये म्हणून भोवती दगड ठासलेले. त्या दगडांत जात्याची अर्धी तळी होती, एक फुटका पाटा होता, उखळाचा तुकडा होता. आपल्यासारख्याच माणसांनी घरातल्या मोडक्या वस्तू आणून टाकल्या होत्या.

प्राध्यापकांनी टेप लावली, खाचांमधले अंतर वहीत लिहिले आणि आमच्याकडे वळून शांतपणे सांगितले, "हे पाण्याची पातळी मोजायचे साधन दिसते. इतके उतरले की वापर थांबवा, अशी सूचना असावी. तलाव बांधला तेव्हाचेच असणार. आपले पूर्वज पाण्याचा किती विचार करत, बघा."

जोरदार टाळ्या पडल्या. उपाध्यक्षाने त्यांच्या गळ्यात हार घातला, मी शाल दिली. हेच वाक्य आमच्या ओट्यावर चहा पिताना कुणीतरी म्हटले होते आणि त्याला मी लोकपरंपरा म्हटले होते, हे त्या गर्दीत फक्त मला माहीत होते. मला लाज वाटली.

मग वास आला. डोहाच्या जागी आता चिखलाची एक चकती राहिली होती. तिच्यावर पांढरी पोटे वर करून मासोळी पडलेली, बोटाएवढीपासून हातभर लांबीपर्यंतची. मोठ्यांची पोटे अंड्यांनी फुगलेली. बाई गुडघाभर चिखलात उभी राहून ती टोपलीत वेचत होती. लोक नाकाला रुमाल लावून प्राध्यापकांबरोबर फोटो काढत होते. ती टोपली घेऊन आमच्यापाशी आली आणि माझ्यासमोर थांबली.

"झाला का भाऊ पाहून तुमचा खांब?"

"झाला," मी म्हणालो.

मी बूट तिथेच काढले आणि तसाच चिखलातून तुडुमापर्यंत गेलो. तळाचा डाट बाजूला पडलेला होता. तो छिद्रात बसवला आणि एका दगडाने ठोकू लागलो. छिद्रातून बोटभरसुद्धा धार येत नव्हती. लाकूड आत जाईना, सुकून वाकडे झाले होते. मी ठोकतच राहिलो. पाळीवरून कुणीतरी हसले. शेजारी हाक मारत होता, प्राध्यापक जेवायला थांबले होते.

बाई टोपली डोक्यावर घेऊन माझ्या मागे आली होती. थोडा वेळ तिने पाहिले.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "आता कोनासाठी लावता?"