नंबरप्लेट दुकानाकडं

इंग्रजीला न भिणारा एक तरी माणूस तुम्ही पाहिला आहे का? खरं सांगा. पोलिसाला न भिणारे पाहिले असतील, पुढाऱ्याला तोंडावर बोलणारेही पाहिले असतील. पण इंग्रजीतला कागद समोर आला की ज्याचा घसा कोरडा पडत नाही, असा माणूस? अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात असा एकच आहे, आणि ते माझे सख्खे मामा आहेत. गंमत अशी की मामांना इंग्रजी येत नाही. एक वाक्य धड बोलता येत नाही. त्यांना फक्त शब्द येतात, तेही लांबलचक, आणि त्यातल्या बहुतेकांचा अर्थ त्यांना ठाऊक नसतो.

मुरुमच्या बाजारात मामांची धान्याची अडत आहे. दुकानासमोर ट्रक लागले की बाकीचे अडते मालाकडं बघतात, मामा नंबरप्लेटकडं. प्लेटवरची सगळी अक्षरं ज्यात सापडतील असा लांबात लांब इंग्रजी शब्द काढायचा, हा त्यांचा खेळ. आपल्याकडच्या गाड्यांवर एम आणि एच असतातच. पुढं ए आणि के आली की मामा ‘वर्कमनशिप’ म्हणून मोकळे. ए आणि पी आली की ‘चॅम्पियनशिप’. कर्नाटकातल्या गाडीवर एम-एच नसलं की त्यांना कालवणात मीठ कमी पडल्यासारखं होतं. शब्द सापडेपर्यंत त्यांना बसवत नाही. गादीवरून उठतात, रस्त्यापर्यंत जातात, परत येतात, पोत्याला टेकतात, पुन्हा उठतात. जेवताना बोटानं आमटीत अक्षरं काढतात. भर सौद्यात, तुरीची बोली चढत असताना, ते मध्येच ‘चॅम्पियनशिप’ म्हणाले होते आणि हमाल पाठीवरचं पोतं तसंच धरून त्यांच्याकडं बघत राहिला होता. एकदा उमरग्याला निघाले, एसटीच्या मागं उभं राहून तिची प्लेट वाचू लागले, आणि शब्द सुचला तेव्हा समोर एसटी नव्हती. घरी येऊन मामींना म्हणाले, “गाडी गेली, पण शब्द लई झकास घावला.” मामींनी डबा पुन्हा उघडून ठेवला.

मी वाढलो मराठीच्या चळवळीच्या पत्रकांवर. आमच्या घरी पाहुण्यांना पोहे पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मिळायचे. शिक्षण मातृभाषेतूनच मिळालं पाहिजे, हे मी मिसरूड फुटायच्या आधी चौकात ओरडून सांगितलं आहे. त्यामुळे मामांचा हा नाद मला गुलामीची शेवटची पायरी वाटायचा. ही भाषा आपल्या डोक्यावर बसवलेली आहे, असं मी त्यांना एकदा दुकानात उभं राहून सुनावलं. मामांनी शांतपणे ऐकलं. “डोक्यावर कुठं बसलीय? मी तर तिला हितं पोत्यावर बसवलंय,” म्हणाले. “ते जाऊ दे. तुज्या मोटारसायकलीवर कुठली अक्षरं हायती?” अर्थाचं काय, असं विचारलं तर म्हणायचे, अर्थ ज्याला लागतो त्यानं बघावा, आपल्याला अक्षरांशी काम.

या बेफिकिरीनं एकदा घरात भूकंप झाला. मामांची मुलगी सोनाली बारावी झाली आणि तिला बघायला पाहुणे आले. तिला नर्स व्हायचं होतं, पण विचारतो कोण. पाहुण्यांची नवी कोरी गाडी दारात उभी राहिली, प्लेटवर ए आणि व्ही. चहा होईपर्यंत मामा अंगणात येरझाऱ्या घालत होते. मग आत येऊन, अतिशय आनंदानं, मुलाच्या वडिलांना म्हणाले, “तुमच्यात मिसबिहेवियर हाय बघा.” पाहुण्यांना दुर्दैवानं अर्थ ठाऊक होता. सोयरीक तिथंच मोडली. मामी आठवडाभर मामांशी बोलल्या नाहीत, आणि त्या गोंधळात सोनालीनं सोलापूरला नर्सिंगचा अर्ज भरून टाकला.

पण पहिल्याच महिन्यात ती बॅग घेऊन परत आली. वर्गात तिला मानेतल्या एका स्नायूचं नाव वाचायला सांगितलं होतं, स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. ती अडखळली, पुन्हा अडखळली, आणि वर्ग हसला. “म्या न्हाय जाणार,” एवढंच म्हणत होती. आता घरी बसली तर पुढचे पाहुणे ठरलेलेच होते, हे तिलाही कळत होतं. मला चेव आला. एका मराठी मुलीला परक्या भाषेनं कसं घराकडं हाकललं, यावर मी तिथल्या तिथं भाषण सुरू केलं, नवं पत्रक काढायचं जाहीर केलं. तिनं डोळे पुसले. “दादा, तुझं बरोबर हाय. पण सोमवारी बाईंनी इचारलं, तर तुझं पत्रक दाखवू का?”

मामा मात्र तिचं पुस्तक घेऊन दारात उभे होते आणि जत्रेत हरवलेलं माणूस सापडावं तसे त्या शब्दाकडं बघत होते. “एवढे दिस कुठं होता ह्यो?” तिला दुकानात नेऊन, पोत्यावर खुणा करायच्या खडूनं त्यांनी तिथल्या फरशीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तो आख्खा शब्द हातभर अक्षरांत लिहिला. मग वाकून एकेका अक्षराला गोल करत गेले. एस. ओ. एन. ए. एल. आय.

“ही बघ, तू आधीच ह्यात हायस,” ते धापा टाकत म्हणाले. “आतल्या माणसानं भ्यायचं कशाला?”

सोनाली चप्पल काढून पहिल्या अक्षरावर उभी राहिली आणि तुकडा तुकडा म्हणत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. परत आली. पुन्हा गेली. मामा तिच्या मागून. सोमवारी ती पहिल्या एसटीनं सोलापूरला निघाली. सगळ्यांना केरसुणी दाखवणाऱ्या मामींनी त्या फरशीला बरेच दिवस हात लावला नाही; अखेर पोत्यांनीच तो शब्द पुसला.

माझं मत अजून तेच आहे आणि मी ते छापत राहणार. सोनाली आता पुण्यात दवाखान्यात कामाला आहे. औषधांची लांबलचक नावं मामांना फोनवर कळवते, पण तिला वेळ कमी. मोठे ट्रकही बाजारात फारसे शिरत नाहीत, आणि गावातल्या सगळ्या गाड्यांचे शब्द मामांनी केव्हाच काढून ठेवलेत. ते रस्त्यापर्यंत जातात, दोन्हीकडं बघतात, परत येतात. म्हणून एक विनंती आहे. कधी मुरुमवरून गेलात तर बाजारात गाडी थोडा वेळ थांबवा, नंबरप्लेट दुकानाकडं करून. आत पांढऱ्या टोपीतला एक माणूस उठून उभा राहील. त्याला शब्द सापडेपर्यंत गाडी सुरू करू नका. आणि अर्थ विचारू नका.