गरम जाळीवरची नणंद

युरोपातली थोर चित्रं केवळ थंडी वाजते म्हणून पाहिलेली बाई जगात एकच असेल, आणि ती नेमकी माझी नणंद आहे. चित्रकलेची पदविका घेतली मी, शाळेत मुलांना चित्रकला शिकवते मी, आणि जर्मनीतल्या म्युझियममध्ये हिवाळाभर जाऊन बसली ती. लहानपणी तिनं कागदावर आंबा काढला की सासूबाई म्हणायच्या, "वांगं छान जमलंय हो." परदेशी गेली तीही यंत्रांचं काहीतरी शिकायला. दात आहेत तर चणे नाहीत, असं लोक म्हणतात. आमच्या घरात दात खडकीत आणि चणे जर्मनीत.

त्याचं असं झालं, की तिची तिथली घरमालकीण पुण्यातल्या घरमालकांनी शिकवणी लावावी इतकी काटकसरी निघाली. खोलीतला हीटर जेमतेम कोमट. हिला पुण्याच्या डिसेंबरातही दोन स्वेटर लागायचे, तिथे ती काय टिकणार? तशात कुणीतरी सांगितलं, की रविवारी विद्यार्थ्यांना म्युझियम फुकट असतं आणि आत छान उबदार असतं. झालं! 'फुकट' आणि 'उबदार' हे दोन शब्द एका वाक्यात ऐकल्यावर आमच्या घरातलं माणूस घरी बसत नाही. दर रविवारी सासूबाईंनी पाठवलेला डिंकाचा लाडू खिशात घालून ही दार उघडायच्या आधी हजर. दालनांचा दर्जा ठरवायच्या तिच्या कसोट्याही खास होत्या. "राजेराण्यांच्या दालनात मस्त गरम असतं, वहिनी. समुद्राची चित्रं आहेत ना, तिथली खिडकी नीट लागत नाही," असं ती मला गंभीरपणे कळवायची.

फिरण्याची रीतही तिचीच. तिथे सगळे लोक आत शिरले की डावीकडून सुरुवात करतात, ही उजवीकडून. का, तर देव उजव्या हाताला ठेवूनच प्रदक्षिणा घालतात! त्यामुळे सगळा जमाव एकीकडून, ही समोरून, आणि प्रत्येक दालनात 'सॉरी, सॉरी'चा गजर. पहाऱ्यावरच्या एका बाईंनी भिंतीवरचा बाण दाखवला, तर हिनं त्यांनाच प्रदक्षिणेचं शास्त्र समजावून सांगितलं. परिणाम असा, की प्रत्येक चित्रकार हिला आधी म्हातारा भेटला, मग प्रौढ आणि शेवटी शिकाऊ. "माणूस दालनागणिक बिघडत जातो गं," हे तिचं युरोपीय कलेवरचं एकमेव भाष्य. मी हे स्टाफरूममध्ये रंगवून सांगितलं, सगळ्या जणी हसल्या. घरी येताना बसमध्ये मात्र माझा चेहरा उतरला, कारण उलटं का होईना, तिनं ते पाहिलं होतं.

माझा खरा जळफळाट व्हायचा तो निळ्या शालीतल्या बाईवरून. कॉलेजात असताना मासिकातून कापून घेतलेलं ते चित्र अजूनही माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. एकदा अस्सल चित्रासमोर उभं राहायचं, एवढीच माझी एक इच्छा. ते अस्सल चित्र नेमकं हिच्या गावात निघालं. मी धडधडत्या छातीनं विचारलं, "अगं, पाहिलंस का ते?" तर म्हणाली, "निळी शालवाली ना? ती माझी ठरलेली जागा! तिच्यासमोरच्या बाकाखाली गरम हवेची जाळी आहे." दाखव म्हटल्यावर व्हिडिओ कॉल लावून तिनं आधी जाळी दाखवली, मग तिच्यावर ठेवलेले स्वतःचे पाय, आणि सगळ्यात शेवटी चित्र, तेही पहाऱ्यावरच्या बाई आल्या म्हणून ओझरतं. मी स्वयंपाकघरात ओल्या हातानं फोन धरून उभी आणि ही माझ्या चित्रासमोर पाय शेकत बसलेली! नवरा म्हणाला, "तिला थंडी वाजते म्हणून ती जाते. तू इथे कशाला पेटतेस?" त्याला त्या दुपारी चहा मिळाला नाही.

आणि मग एकदा फोनवर लाडू चघळत ती सहज म्हणाली, "वहिनी, हिची शाल आधी हिरवी असणार. ऊन आलं ना, की कोपराशी निळ्याखालचं हिरवं दिसतं." मी कपाट उघडून पाहिलं. माझ्या कागदावर हिरवं कुठेच नव्हतं. मला चक्क रडू आलं. इतकी वर्षं मी त्या बाईवर जीव टाकला, आणि तिनं आपलं हिरवं दाखवलं कुणाला, तर पाय शेकायला आलेल्या माझ्या नणंदेला! माझं नाक ओढणं तिला ऐकू गेलं असावं. त्यानंतर दर रविवारी ती चित्रातल्या बाईच्या कोपराकडे फोन धरून, हात अवघडेपर्यंत उन्हाची वाट बघत उभी राहायची. "आलं का गं? आता दिसतंय?" फोनवर ते कधीच दिसलं नाही. एक-दोनदा मी "हो, दिसलं" म्हणाले, तेव्हा तिला कोण आनंद झाला.

यंदा तिला नोकरी लागली. नवं घर, नवा हीटर. म्युझियमला जायचं कारणच संपलं. आता रविवारी ती दुपारपर्यंत झोपते आणि माझा फोन गप्प असतो. परवा मीच लावला. "घर मस्त गरम आहे, वहिनी! स्वेटरसुद्धा लागत नाही," ती म्हणाली. माझ्या शेजारी बसून ऐकणाऱ्या सासूबाईंनी बसल्या जागेवरूनच देवाला हात जोडले. मी म्हटलं, "तुझा तो हीटर बिघडू दे एकदाचा!"

ती खूप वेळ हसत राहिली. तिला वाटलं, वहिनी गंमत करतेय.