आई वळली की वळायचं

माझी आई नदीकाठच्या अभयारण्यात पर्यटकांची होडी चालवते. तिच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांना एक नियम पाठ आहे: ती वळली की वळायचं. पाण्याखालची वाळू तिला दिसते, आपल्याला नाही. भर पाण्यात ‘का’ विचारलं, तर ती असा उद्धार करते की कासवांनीही मान आत घ्यावी.

होड्यांच्या शर्यतीत मात्र तिला कधीच उतरता आलं नव्हतं. दरवर्षी तिची नेमणूक बचावाच्या होडीवर. यंदा ती निवृत्त होणार, म्हणून साहेबांनी तिला मोकळं सोडलं. माझे बाबा शिंपी. त्यांनी कपासाठी मशीनमागच्या भिंतीवरची फळी रिकामी केली.

“हरलीस तर पुन्हा रिळं ठेवीन.”

“रिळांना दुसरी जागा बघा,” आई म्हणाली.

शर्यतीत ती पहिल्यापासून पुढे होती. मी तिसरी. उतरलेले सगळे तिनेच शिकवलेले. पुढे बेटाला लागून लाल झेंडा होता. त्याच्याजवळून जायचं, नाहीतर बाद. रात्रीत पाणी चढलं होतं आणि बेटाच्या कडेला, खड्यांमध्ये, टिटवी अंड्यांवर बसली होती. पाणी तिच्यापासून वीतभरावर. इतक्या होड्यांच्या लाटांनी अंडी वाहूनच गेली असती. हे एकट्या आईने पाहिलं. आम्हाला दिसलं ते एवढंच, की ती झेंडा सोडून बेटाच्या पलीकडून निघाली.

आम्ही सगळे तिच्यामागे वळलो. वाळू असणार, दुसरं काय!

आई पहिली पोचली आणि पंचांनी सगळ्यांनाच बाद केलं. तिच्यामागून दुसरा आलेला सायकल दुरुस्तीवाला वैतागला.

“मावशी, तिथे कुठे होती वाळू?”

“वाळू नव्हती. टिटवीची अंडी होती.”

तो डोकं खाजवत राहिला. “मग सांगायचं तरी.”

“भर पाण्यात?”

पंचांसकट सगळे हसले. कप खोक्यात परत गेला. हरलेल्या त्या घोळक्यात उभी असताना माझा ऊर अभिमानाने भरून आला होता.

घरी बाबांनी दारातच विचारलं, “कप?”

“नाही मिळाला.” आईने वल्हं भिंतीला टेकवलं. “पण मी वळले आणि सगळे वळले. एकानेही ‘का’ विचारलं नाही.”

बाबांनी ते ओलं वल्हं उचलून फळीवर ठेवून पाहिलं. मावेना. मग त्यांनी फळीच काढली आणि तिच्या जागी वल्हं टांगलं.