साठावं पान

दातवाले काका दात काढत नाहीत, बनवतात. दवाखान्यामागच्या खोलीत सहा दिवस मान मोडून ते कवळ्या घडवतात: आधी प्लॅस्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात. कितीजणांचं हसू त्यांच्या हातून घडलं असेल, त्यांचं स्वतःचं मात्र शनिवारपर्यंत पार संपलेलं असतं. रविवारी अंग असं आंबलेलं असतं की खुर्चीतून उठायचंही जिवावर येतं. तरी अकरा वाजता ते टेबल पुसून ठेवतात. बाराच्या बसने लेक येते.

लेक दुसऱ्या शहरात एक्स-रे काढते. पाच वर्षांपूर्वी तिची आई गेली आणि त्याच वर्षी तिला ही नोकरी लागली. तेव्हापासून बापलेकीत बोलणं असं उरलेलं नाही. "जेवलास?" "जेवलो." "गोळ्या?" "घेतल्या." संपलं. मग ती घड्याळ बघते. पण हातात पत्ते आले की तिची जीभ सुटते. साहेब कसा चिकट, घरमालकीण कशी खवट, कुणी एकजण रोज डबा घेऊन कसा शेजारीच येऊन बसतो, सगळं डाव टाकता टाकता बाहेर पडतं. काका खाली बघून ऐकतात. मान वर केली की ती गप्प होते, हे त्यांना ठाऊक आहे.

खेळ प्राण्यांच्या पत्त्यांचा, तिनेच आणलेला. पाकिटं घ्यायची, हवी ती पानं निवडायची आणि आपला डेक बांधायचा. साठ पानं म्हणजे साठच, एक कमी नाही की जास्त नाही. लेकीचा डेक ससाण्यांचा, सदा घोड्यावर बसून आलेला. काकांचा कासवांचा. कासवं, चिखल, शेवाळ, पुन्हा कासवं. हल्ला करणारं पान औषधालासुद्धा नाही. पत्त्यांच्या दुकानदाराने तो बघून कपाळाला हात लावला होता.

"काका, याने जिंकणार कसे?"

"जिंकायचंय कुणाला?" काका म्हणाले. दुकानदाराला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

थट्टा कसली! डाव संपला की लेक बॅग उचलते. एक डाव आणि मिळेल ती बस, हा तिचा शिरस्ता. कासवांचा डाव चार-चार तास चालतो. हरायचंच, पण सावकाश हरायचं, यासाठी काकांनी एकेक पान कवळीतल्या दातासारखं पारखून बसवलं होतं. 'भरतीची लाट' हे एक पान तेवढं मुद्दाम टेबलाच्या खणात टाकलेलं. ते उघडलं आणि समोर सात कासवं असली, की डाव तिथल्या तिथे जिंकला.

त्या शनिवारी कामावरून आल्यावर एका पानावर चहा सांडला. पेंगुळलेल्या काकांनी ते काढून टाकलं, खणात हाताला लागलं ते पान न बघताच डेकमध्ये सरकवलं आणि पानं मोजली. साठ भरली. हुश्श करून ते आडवे झाले.

रविवारी डाव सुरू होऊन पाऊण तास झाला होता. लेक म्हणत होती, "तर बाबा, तो डबा घेऊन बसणारा काल मला म्हणाला..." आणि काकांनी नेहमीसारखं वरचं पान टेबलावर उघडं केलं. भरतीची लाट. समोर सात कासवं ओळीने बसलेली. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अय्या! बाबा, तू जिंकलास!" लेकीने टाळी वाजवली. "पाच वर्षांत पहिल्यांदा!" हसत हसत तिने आपली पानं गोळा केली आणि सवयीने तिचा हात बॅगेकडे गेला. "चल, दीडची बस मिळेल मला."

काकांनी हसून बघितलं, जमलं नाही. त्यांची बोटं ते पान हळूहळू टेबलाच्या कडेखाली ढकलत होती.

लेकीने ते पाहिलं. "हे तुझ्याकडे कधीपासून आहे?"

"आहे. जुनंच आहे."

"किती जुनं?"

"पहिल्याच पाकिटात निघालं होतं."

ती त्या सात कासवांकडे बघत राहिली. रोज माणसांचं आतलं बघणारी आपण, आणि घरचं दिसायला पाच वर्षं लागली, याची तिला लाज वाटली.

"खूप दमतोस ना, बाबा?"

"हो," काका म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले.

तिने ते पान उचलून आपल्या बॅगेत टाकलं, चेन लावली आणि बॅग खुर्चीखाली सरकवली.

"एकोणसाठच उरली तुझी. खणातून एखादं शेवाळ काढ," ती म्हणाली. "आणि नीट पीस. तो काल काय म्हणाला, ते सांगायचं राहिलंय अजून."